अतिदक्षता विभागातला ‘वात’ आणि रुग्णाची भाषा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बडोद्यातील रुग्णालयांच्या जाहिरातींत अतिदक्षता विभागात खाटा किती आणि व्हेंटिलेटर किती हे ठळक अक्षरांत छापलेले असते; त्या खाटेवरच्या माणसाशी कोण बोलते, कोणत्या भाषेत बोलते आणि तो भानावर आहे की नाही हे दिवसातून किती वेळा तपासले जाते, याचा मात्र कुठे उल्लेख नसतो. सरकारी रुग्णालयात 30 वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यावर, आणि गेल्या पावसाळ्यात माझा थोरला भाऊ शहरातल्या एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत नऊ दिवस असताना जे पाहिले त्यावरून, मला याविषयी लिहिणे भाग पडले आहे.

दादाला न्यूमोनियामुळे व्हेंटिलेटरवर ठेवले होते. श्वासाची नळी काढली त्या रात्री तो बरळू लागला, सलाइन ओढू लागला, म्हणून त्याची दोन्ही मनगटे पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधण्यात आली. दुसऱ्या दिवशी भेटीच्या दहा मिनिटांत मी आत गेले, तेव्हा ड्युटीवरची तरुण सिस्टर त्याला हिंदीत समजावत होती. रावपुऱ्यातल्या दुकानात चाळीस वर्षे गुजरातीत व्यवहार केलेला हा माणूस त्या अवस्थेत फक्त मराठी बोलत होता, तेही आमच्या आईशी बोलावे तसे. त्याचा चष्मा आणि कानातले यंत्र दाखल करतानाच पिशवीत घालून आमच्या हवाली केले होते. मी यंत्र बसवले, चष्मा लावला, आज गुरुवार आहे, बाहेर पाऊस पडतोय, असे सांगितले. थोड्या वेळाने त्याने विचारले, “इथे खिडकी कुठे आहे गं?” खिडकी नव्हतीच. त्या मुलीला मी दोष देत नाही, तिच्याकडे एकाच वेळी चार रुग्ण होते.

आजारात असे भान हरपून बरळण्याला जुनी माणसे ‘वात झाला’ म्हणत. डॉक्टर डेलिरियम म्हणतात. आमच्या पिढीला शिकवले गेले ते असे, की झोपेचे इंजेक्शन द्यावे, हात बांधावेत, दोन दिवसांत उतरेल. असे हात मीही बांधले आहेत, आणि त्याची खंत आज वाटते. कारण 2013 साली अमेरिकेतील नॅशव्हिल येथील 821 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 74 टक्के रुग्णांना आयसीयूत वा रुग्णालयात असताना वात झाल्याचे आढळले, आणि वर्षभरानंतर तपासलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांची स्मरणशक्ती व विचारशक्ती डोक्याला मध्यम स्वरूपाची इजा झालेल्या माणसाइतकी खालावलेली होती. वात जितका लांबला तितके नुकसान अधिक. त्यावर सर्रास दिले जाणारे हॅलोपेरिडॉल हे औषध वाताचे दिवस कमी करत नाही, हे 2018 च्या मोठ्या चाचणीत दिसले. म्हणजे भर वात होऊ न देण्यावरच द्यायला हवा. रोज काही काळ गुंगीचे औषध थांबवल्यास व्हेंटिलेटरचे दिवस सुमारे सातावरून पाचावर येतात, हे 2000 सालापासून माहीत आहे. व्हेंटिलेटरवर असतानाच रुग्णाला बसवणे, उभे करणे सुरू केले तर घरी जाताना स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांचे प्रमाण 35 टक्क्यांवरून 59 टक्क्यांवर गेले, हे 2009 चे निष्कर्ष आहेत. यांपैकी कशालाच महागडे यंत्र लागत नाही, शिकलेले हात लागतात.

वात ओळखण्याची चाचणी तर दोन मिनिटांची आहे. रुग्णाचा हात हातात घेऊन एकेक अक्षर म्हणायचे आणि ठरलेले अक्षर ऐकू आले की त्याने हात दाबायचा. मग साधे प्रश्न: दगड पाण्यावर तरंगतो का, समुद्रात मासे असतात का, हातोडीने खिळा ठोकता येतो का. नळी असलेला रुग्णही मान हलवून उत्तर देऊ शकतो. पण हेच प्रश्न त्या क्षणी मनाला न पोहोचणाऱ्या भाषेत विचारले, तर शुद्धीत असलेला माणूसही चुकेल आणि नाहक औषधे वाढतील. गायकवाडी काळापासून मराठी कुटुंबे असलेल्या शहरात ही गोष्ट किरकोळ नाही.

नातेवाइकांना जास्त वेळ आत सोडल्यास जंतुसंसर्ग वाढेल, असे सांगितले जाते. ब्राझीलमधील 36 अतिदक्षता विभागांत भेटीची वेळ बारा तासांपर्यंत वाढवून पाहिली. 2019 च्या त्या अहवालानुसार वाताचे प्रमाण लक्षणीय घटले नाही, हे मान्य केले पाहिजे. पण संसर्गही वाढला नाही, आणि नातेवाइकांची चिंता व नैराश्य कमी झाले. हात धुऊन आत येणाऱ्या एका माणसाला सकाळ-संध्याकाळ तासभर बसू द्यायला मग कशाची अडचण आहे?

सयाजी रुग्णालय व बडोदा मेडिकल कॉलेज येथे शिकणारी मुले-मुलीच पुढे या शहराचे आयसीयू सांभाळतात. त्यांच्या प्रशिक्षणात ही चाचणी सक्तीची व्हावी, तिचे प्रश्न मराठी, गुजराती आणि हिंदीत छापून प्रत्येक खाटेशी लावावेत, आणि चष्मा व कानातले यंत्र पिशवीत न घालता रुग्णाच्या उशाशी ठेवण्याचा नियम शहरातील सर्व रुग्णालयांनी करावा, अशी माझी विनंती आहे. मराठी पत्रक नीट भाषेत तयार करून द्यायला मी व माझ्या दोन निवृत्त सहकारी विनामूल्य तयार आहोत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
दांडिया बाजार, बडोदे