चारनंतरचा रेमेडियल क्लास

प्रिय संज्या,

तुझा मेसेज बघितला. फर्स्ट इयरला मागं पडणाऱ्या पोरांसाठी तुमच्याकडं कमिटी नेमलीय आणि तुला घेतलंय तिच्यात. बरं झालं, फोनवर हे बोलायला गेलं की तू मधेच क्रिकेटवर जातोस, म्हणून लिहितोच.

आमच्याकडं बेळगावात खानापूर, नंदगड, जांबोटीकडची मराठी मीडियमची पोरं एसएसएलसी म्हणजे दहावी करून येतात, दोन वर्षं पीयूला म्हणजे अकरावी-बारावीला इंग्लिश गाईड पाठ करून कसंबसं काढतात आणि मग बी.कॉम.ला आमच्यासमोर. डोकं चांगलं असतंय रे. हिशोब तोंडी करून दाखवतील, पण अकाउंट्सच्या पेपरात इंग्लिश प्रॉब्लेम नीट वाचेपर्यंत बाजूचा निम्मी बॅलन्स शीट लिहून बसलेला असतो. ह्यांच्यासाठी कॉलेजात सुरुवातीला ब्रिज कोर्स म्हणजे पाया पक्का करायचे तास, आणि नंतर रेमेडियल क्लास म्हणजे मागं पडलेल्यांना जादा तास. कागदावर झकास! पण ब्रिज कोर्स चालतो तेव्हा निम्म्या ॲडमिशन व्हायच्याच असतात, आणि ज्याला खरी गरज तोच शेवटी येतो कारण घरात फीचे पैसे जमायला उशीर झालेला असतो. रेमेडियल ठेवलाय चारनंतर. आता कणकुंबीकडच्या पोरानं चारनंतर थांबून बस चुकवायची का, त्यात जुलै-ऑगस्टातला तिकडचा पाऊस तुला माहीत आहे. मग थांबतं कोण, तर शहरातली टिळकवाडी-शहापूरची, ज्यांना त्या क्लासची गरजच नाही. रजिस्टर भरतं, फोटो निघतात, फाईलला लागतात.

मधे अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांचं वाचत होतो, तिथं पण हेच दुखणं. ॲडमिशनला टेस्ट, त्यात कमी पडला की सेमिस्टर-दोन सेमिस्टर नुसते रेमेडियल विषय, फी भरायची पण डिग्रीला ते क्रेडिट धरत नाहीत, आणि बरीच पोरं मेन पेपरपर्यंत पोचायच्या आधीच कॉलेज सोडायची. टेनेसीनं २०१५ ला हे उलटं केलं, पोराला पहिल्या दिवसापासून मेन पेपरलाच बसवायचं आणि त्याच सेमिस्टरला जोडून जादा तास द्यायचे. कॅलिफोर्नियानं तर २०१७ ला कायदाच केला, हायस्कूलचे मार्क बघा, उगाच कुणाला रेमेडियलमध्ये अडकवू नका म्हणून. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत २००७ पासून असॅप नावाचा प्रोग्रॅम आहे. अट एकच मोठी, फुलटाइम शिकायचं, आणि बदल्यात ठरलेला ॲडव्हायझर, ट्यूटर, फी कमी पडली तर ती, वर बस-मेट्रोचं कार्ड म्हणजे प्रवास फुकट. रेमेडियलची गरज असलेल्याच पोरांचे लॉटरी पद्धतीनं दोन गट करून तपासलं तर तीन वर्षांत डिग्री घेणारी असॅपमध्ये ४० टक्के, दुसऱ्या गटात २२.

त्या प्रवासाच्या कार्डपाशी मी थांबलोच. आमच्याकडं जून २०२३ पासून शक्ती योजनेत पोरींना बस फुकट झाली, पोरांना पास काढावा लागतोच, आणि महाराष्ट्रातल्या चंदगडहून येणाऱ्या पोरींना तर तीही सवलत नाही कारण योजना कर्नाटकात राहणाऱ्यांसाठी. हा प्रश्न कुठल्या कमिटीत कुणी काढत नाही बघ, सगळे सिलॅबसवर बोलतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की तो जादा तास दुपारच्या आत, टाइमटेबलमध्ये, अकाउंट्सच्या तासाला चिकटून पाहिजे, आणि घेणाऱ्याच्या वर्कलोडमध्ये म्हणजे ठरलेल्या तासांत धरला पाहिजे. नाहीतर तो गेस्ट लेक्चररच्या गळ्यात पडतो, आणि त्या बिचाऱ्याला आधीच पगार वेळेवर मिळत नाही. आमच्यातले एक सीनिअर सर म्हणाले की ह्यानं लेव्हल खाली येते. कशी येते? पेपर तोच, तपासणी तीच! दुसरे म्हणाले टाइमटेबल हलवणं अवघड. आता २०२१ ला एनईपी म्हणजे नवं शिक्षण धोरण आणि चार वर्षांची डिग्री आली, २०२४ ला परत तीन वर्षांची डिग्री झाली, दोन्ही वेळी आम्ही सगळं हलवलंच की.

तू एन्ट्रन्स टेस्ट ठेवायचं म्हणतोयस ते मात्र मला पटत नाही. पहिल्याच दिवशी पोराच्या कपाळावर कच्चा असा शिक्का कशाला? त्यापेक्षा चौथ्या आठवड्यात एक साधी टेस्ट घे, मार्क कुठं धरू नको, आणि जे गडबडले त्यांच्या घरी फोन कर, नोटीस नको. आमच्याकडं पहिली इंटर्नल होईपर्यंत पोरगं गवंड्याच्या हाताखाली कामाला लागलेलं असतं, आणि मग आम्ही अटेंडन्स शॉर्टेजची यादी लावतो.

पुढच्या आठवड्यात आमची पण मीटिंग आहे. तुमच्याकडं जादा तासाचं वर्कलोड धरतात का ते विचारून कळव, आणि टाइमटेबलचा फोटो पाठव, मला प्रिन्सिपलना दाखवायला काहीतरी हातात पाहिजे. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
पक्या