मंत्रिमहोदय, मिलस्ट्रीटला जे जमलं ते वडशाला का नाही?

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या जत्रेत, गावच्या रंगमंचावर उभं राहून आपण शब्द दिला होता. युरोपात देशादेशांची 'युरोव्हिजन' नावाची गाण्याची स्पर्धा होते, कोट्यवधी लोक ती टीव्हीवर बघतात, तशीच आशियाई देशांची स्पर्धा महाराष्ट्रात भरवू आणि तिची पहिली फेरी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, वडसा-देसाईगंज भागात घेऊ, असं आपण म्हणालात. धान नुकतंच घरात आलं होतं, माणसं खुशीत होती, टाळ्या थांबत नव्हत्या. रात्रीच्या नाटकात माझी भूमिका होती, म्हणून मी मंचामागे तोंडाला रंग लावत बसले होते. टाळ्या मीही वाजवल्या.

परवा वर्तमानपत्रात आलं की फेरी आता मोठ्या शहरात होणार. कारण छापलंय, 'ग्रामीण भागात मूलभूत सोयींचा अभाव'.

साहेब, सोयी नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे. आम्ही त्यातच जगतो. पण त्या करायच्या कोणी? ज्यांनी करायच्या त्यांनीच त्या नसल्याचं कारण पुढे करून आमच्या हातचं काढून घ्यायचं, हा कुठला न्याय?

आपलं भाषण झाल्यापासून मी या युरोपच्या स्पर्धेबद्दल मिळेल ते वाचत आले. माझी मुलगी बी.ए.ला आहे, ती मोबाइलवर शोधून मराठीत समजावून सांगते. ही स्पर्धा १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावी सुरू झाली, तेव्हा देश होते फक्त सात. जो देश जिंकतो, साधारणपणे त्याच देशाची सरकारी वाहिनी पुढच्या वर्षी स्पर्धा भरवते. आयर्लंडने १९९२ ला स्वीडनमध्ये जिंकली. त्याच रात्री आयर्लंडमधल्या मिलस्ट्रीट नावाच्या खेड्यातल्या नोएल डगन या व्यावसायिकाने तिथल्या वाहिनीला पत्र लिहिलं, की माझं घोडेस्वारीचं बंदिस्त मैदान फुकट घ्या, पण स्पर्धा आमच्या गावात करा.

मिलस्ट्रीटची वस्ती तेव्हा जेमतेम दीड हजाराची. आमच्याकडची कितीतरी गावं त्याहून मोठी आहेत. तिथल्या अधिकाऱ्यांनाही सोयी नाहीत म्हणून पत्र बाजूला टाकता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. छत ठेंगणं पडत होतं, तर आतली जमीन खणून खोल केली. विजेची आणि टेलिफोनची व्यवस्था वाढवली. सरकार, स्थानिक प्रशासन आणि आसपासचे उद्योग असे सगळे मिळून कामाला लागले. १५ मे १९९३ ला त्या घोड्यांच्या मैदानात पंचवीस देशांचे गायक उभे राहिले आणि जिंकलीसुद्धा आयर्लंडच्याच निव्ह कव्हानाने. एका गावकऱ्याच्या पत्राला तिथे उत्तर मिळालं. आमच्या मंडळाने आपल्या कार्यालयाला पाठवलेल्या पत्रांची पोच तेवढी आमच्याकडे आहे.

आता कला. त्या स्पर्धेचा नियम असा की गाणं तीन मिनिटांच्या वर नको, मंचावर सहापेक्षा जास्त माणसं नकोत, आणि मुख्य आवाज तिथल्या तिथे गळ्यातून निघाला पाहिजे. वाद्यांचं मात्र १९९९ पासून ध्वनिमुद्रण लावतात, वाद्यवृंद बंद झाला. दोन गाण्यांच्या मधे देशाची छोटी चित्रफीत दाखवतात, तेवढ्या मिनिटभरात मंचावरचं सगळं सामान बदलायचं. आम्ही याहून निराळं काय करतो? दिवाळीपासून होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत रात्री दहाला पडदा उघडतो तो उजाडेपर्यंत. ऑर्गन, तबला, ढोलकी समोर बसलेली असते, ध्वनिमुद्रणाचा आधार नसतो. पडदा पडला की दोन गड्यांनी राजवाड्याचं जंगल करायचं. लोकांनी वन्समोर दिला की थंडीने बसलेल्या गळ्यातून तेच पद पुन्हा त्याच सुरात. आमच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. खंजिरीवर भजन म्हणणारे तुकडोजी महाराज १९५५ सालीच जपानच्या विश्वधर्म परिषदेला जाऊन आले. जगासमोर गायला आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही.

माझं स्वतःचं सांगते, कारण तेही कोणीतरी ऐकलं पाहिजे.

आपल्या माणसांनी आमच्या नाटक कंपनीला निरोप दिला होता, पौषातल्या तारखा मोकळ्या ठेवा, पाहणी पथक येणार आहे. मालकाने ऐन हंगामातली बुकिंगं सोडली. पथक आलं नाही. हंगाम गेला तो गेला, आम्हाला पावसाळ्यात धानाच्या रोवणीशिवाय दुसरी मिळकत नाही. मी रोवणीला जाते. चिखलात दिवसभर वाकून गुडघे धरतात, आणि त्याच गुडघ्यांनी कार्तिकात नाचायचं असतं. दोन वर्षांपूर्वी नाटक संपवून येताना पहाटेच्या धुक्यात आमचा टेम्पो उलटला. माझ्या पायात सळई आहे. आमच्या ऑर्गनवाल्या काकांचा उजवा हात गेला तो गेलाच. बत्तीस खेड्यांनी ज्यांना नाव घेऊन ओळखायचं, ते आता मुलाच्या पानठेल्यावर बसतात. ज्येष्ठ कलावंतांना महिना ५,००० रुपये मानधनाची योजना आहे म्हणून त्यांचा अर्ज भरला. कला सादर केल्याचा पुरावा आणा, म्हणाले. कसला पुरावा, साहेब? चाळीस वर्षं ज्यांनी ऐकलं ती माणसं घेऊन येऊ का कचेरीत?

आणि आम्ही बायका कपडे कुठे बदलतो, विचारलंत कधी? धानाच्या तणसीच्या ढिगाआड. चार जणी लुगडं धरून उभ्या राहतात आणि पाचवी बदलते. शौचाला रात्री बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात जायचं, तेही आता वाघाच्या भीतीने एकटीने जमत नाही. पाळी असली की सातही तास पाणी न पिता काढते. टीव्हीच्या कॅमेऱ्यांसाठी का होईना, चार पक्क्या खोल्या आणि संडास बांधले जातील, ही आशा होती मला. स्पर्धा दोन दिवसांनी उठून गेली असती, भिंती इथेच राहिल्या असत्या.

वीज अपुरी पडेल, असंही त्या बातमीत आहे. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं. तिरोड्याचं ३,३०० मेगावॅटचं. कोळसा आमच्या जमिनीतला, राख आमच्या छपरांवर, खोकला आमच्या पोरांना, आणि नाटकाला आम्ही डिझेल जाळून जनरेटर लावतो. वीज इथून शहरात गेली, आता तिच्या मागे स्पर्धाही गेली. रेल्वेचं तेच. वडसा ते गडचिरोली, पन्नास-बावन्न किलोमीटर, मंजुरीला दहा वर्षं उलटल्यावरही त्यावर गाडी धावली नव्हती.

हे आजचं नाही. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देऊ म्हटलं. १९८४ ला दांडेकर समितीने अनुशेष मोजून दाखवला. १९९४ ला विकास मंडळ दिलं, त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. दर हिवाळ्यात विधिमंडळ नागपूरला येतं, हुरडा खातं, संत्री घेऊन परत जातं. ज्या गावात अधिवेशन भरतं तिथून आमचं गाव काही फार लांब नाही. या इतक्या वर्षांत एका तरी मंत्र्याने मंडईतलं नाटक पहाटेपर्यंत बसून पाहिलं का? आपणसुद्धा भाषण करून, हार घेऊन निघून गेलात. नांदीसुद्धा ऐकली नाहीत.

एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर उद्या आमच्याच नावावर आमचीच घरं उठतील. २०१२ साली हीच युरोपची स्पर्धा अझरबैजानच्या बाकू शहरात झाली, तेव्हा समुद्राकाठच्या नव्या सभागृहाच्या परिसरातली कुटुंबं घराबाहेर काढल्याचं मानवी हक्कवाल्यांनी जगापुढे मांडलं. तसलं भव्य काही आम्हाला नको. कोणाची बांधी घेऊ नका, कोणाचं झोपडं पाडू नका. पटाची दान, म्हणजे बैलांच्या शर्यतीची धावपट्टी, रिकामी असते, तिथे मंच उभा राहतो. आमच्या गावकऱ्यांनी आजवर तिकिटाच्या पैशांतून शाळेच्या खोल्या बांधल्या आहेत, त्यांना हिशेब कळतो.

फेरी परत आणा, ही पहिली मागणी. ते खरंच शक्य नसेल तर वडशाला कायमचा रंगमंच द्या, त्याला स्वतःचं रोहित्र, बायकांसाठी कपडे बदलायच्या खोल्या, संडास, पाणी. हंगामात रात्री उशिरा आणि पहाटे एसटीच्या फेऱ्या द्या, म्हणजे टेम्पोत सामानावर बसून मरायची पाळी येणार नाही. कलावंतांचा अपघात विमा करा. मानधनासाठी गावसभेचा ठराव पुरावा म्हणून धरा. आणि सरकारी वाहिनीवर हंगामात आठवड्याला एक झाडीपट्टीचं नाटक दाखवा, पूर्ण, न कापता.

उत्तर लेखी हवं, सही-शिक्क्याचं. तोंडी निरोपावर आता कोणती कंपनी तारीख सोडणार नाही. यंदाच्या हंगामाची बुकिंगं सुरू झाली आहेत. आपलं पत्र त्याआधी आलं नाही तर आम्ही सगळ्या कंपन्यांचे कलावंत मिळून हिवाळी अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी नागपुरात येऊ आणि विधानभवनासमोरच्या रस्त्यावर रात्रभर नाटक करू. परवानगीचा अर्ज या पत्राबरोबरच पाठवते आहे.

आपली,
झाडीपट्टी रंगभूमीवरील एक गायिका
तालुका देसाईगंज, जिल्हा गडचिरोली