एका ओळीत कोंबलेला कोड

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वेबपान लवकर उघडावे म्हणून त्याचा जावास्क्रिप्ट कोड दाबून लहान केला जातो. त्यातील मोकळ्या जागा व टिपा काढल्या जातात आणि ‘एकूण रक्कम’ अशा अर्थाच्या नावाच्या जागी नुसते ‘टी’ उरते. ही बचत रास्तच आहे. परंतु गेल्या आठवड्यात एका अर्जातील बेरीज अडली, तेव्हा ब्राउझरने चूक ‘ओळ १, स्तंभ ४८२१७’ येथे दाखवली आणि ती शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली.

क्रोम किंवा फायरफॉक्स या ब्राउझरांच्या डीबगरमधील, म्हणजे कोडमधील चुका शोधण्याच्या साधनातील, महिरपी कंसाचे बटण दाबले की तोच कोड ओळीओळींत उलगडतो. वेबपाने शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात ते पहिल्याच आठवड्यात दाखवायला हवे. मात्र हरवलेली नावे त्याने परत येत नाहीत. त्यासाठी मूळ कोडशी सांगड घालणारा सोर्स मॅप लागतो आणि अनेक संकेतस्थळे तो खुला ठेवत नाहीत. म्हणून, वाचणाऱ्याने स्वतः ओळखलेली नावे डीबगरमध्येच लिहून ठेवता यावीत आणि पुढच्या वेळी ती त्याच जागी दिसावीत, अशी सोय ब्राउझर बनवणाऱ्यांनी मुळातच द्यावी. २००६ साली आलेला फायरबग हा डीबगर म्हणजे फायरफॉक्सला वरून जोडायची पुरवणीच होती आणि तिच्यावरही इतरांनी आणखी पुरवण्या रचल्या होत्या; ब्राउझरमध्येच ही सोय येईतोवर अशी पुरवणी रचायला कोणी पुढे यावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक संगणक आज्ञावलीकार