बांध जाणणारा वर्गात यावा

महोदय,

प्राध्यापक म्हटले की आपण पदव्या आणि शोधनिबंध मोजतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची, म्हणजे प्रत्यक्ष काम केलेल्या जाणकाराला प्राध्यापक नेमण्याची, वाट मोकळी केली. आपल्या क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव हवा, पीएचडीची सक्ती नाही. मात्र अशा नेमणुका मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंतच. गोव्याला याचा केवढा उपयोग आहे! खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, मानशीची (पाण्याच्या झडपेची) दारे भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात, हे पुस्तकात वाचता येते. पण बांध कुठे पाझरू लागलाय हे ओळखायला आयुष्य त्या चिखलात जावे लागते. असा शेतकरी ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठाच्या वर्गात उभा राहिला तर मुले काय काय शिकतील! पेडण्याचा दशावतारी कलाकार, काजूच्या भट्टीवरचा माणूस, हेही तसेच.

गोवा विद्यापीठाने व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा, इतिहासकार दा. ध. कोसंबी यांच्या नावाने अभ्यागत (पाहुण्या प्राध्यापकांची) अध्यासने चालवली, ही पायवाट चांगलीच आहे. आता गावातल्या जाणकारांनाही मानधनासह, पूर्ण सत्रासाठी बोलवावे. एका दिवसाचे व्याख्यान, शाल आणि श्रीफळ एवढ्याने भागणार नाही. शिक्षकांच्या परिचयातही पदवीआधी त्यांनी प्रत्यक्ष केलेले काम छापावे, ही विनंती.

– एक पालक, डिचोली