ऋण सोडले आहे

शरणपूर रोड, नाशिक

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम.

परवा तू फोनवर म्हणालीस, "काकूच्या घरचं लग्न आणि पत्रिकेत माझंच नाव नाही. ती येणार असेल तर मी नाताळला येत नाही." तेव्हा मी गप्प बसले. सगळ्या भावंडांची नावं छापली आणि नेमकं तुझं राहिलं, हे कुणालाही लागेल.

तुला डब्याची गोष्ट कधी सांगितली नव्हती. तू चौथीत होतीस. नाताळात मी काकूकडे करंज्या-चकल्या पाठवल्या, झाकणाला पोचा आलेल्या त्या स्टीलच्या डब्यातून. चार दिवसांनी डबा परत आला, तो रिकामा. आत चिमूटभर साखरसुद्धा नाही! आपल्यात रिकामा डबा कुणी परत करतं का? मी तो घासून फळीवर मागे सारला आणि दोन वर्षं हात लावला नाही. चर्चमध्ये ती उजवीकडे बसली की मी डावीकडचा बाक धरायची.

मग एका रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना अडकले. लहानपणापासून पाठ असलेली ओळ: 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' सोडले आहे! सोडू, बघू, असं नाही. आधी सोडून आलोय, असं आपण देवाला सांगतो. आणि माझा डबा तर फळीवर होता. शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांची वस्ती. गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात इथेच आसरा दिला. त्या जागी उभी राहून मला 'सोड' म्हणवेना.

घरी येऊन बायबलमधला मत्तयाचा १८ वा अध्याय काढला. त्यात प्रभू येशूनं सांगितलेली गोष्ट आहे. राजा चाकराचं दहा हजार तलांत (तलांत हे त्या काळचं मोठं नाणेमाप) कर्ज माफ करतो आणि तोच चाकर बाहेर पडून सोबत्याचा शंभर दिनारांसाठी गळा धरतो. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. पिंपळगावकडे द्राक्षबागेत छाटणीला जाणाऱ्या बाईला विचार, शंभर दिवसांचा रोज बुडाला तर काय होतं. म्हणजे तुझं दुखणं काहीच नाही, असं प्रभू म्हणत नाही. पण एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. दहा हजार तलांत म्हणजे सहा कोटी दिवसांचा रोज! एवढं ज्याला सुटलं, त्यानं शंभरासाठी गळा धरला. मी तर एका डब्यासाठी धरला होता. (कुणी मारहाण करत असेल, छळत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे आधी स्वतःला वाचवायचं. मी पत्रिका आणि डब्यांबद्दल बोलतेय.)

त्याच संध्याकाळी डब्यात चिवडा भरून गेले. काकूनं दार उघडलं, डबा पाहिला आणि म्हणाली, "हो, मुद्दामच रिकामा पाठवला होता. माझ्या आईच्या मातीला तुम्ही आला होतात का, ताई?"

नव्हते गेले. शाळेत सहामाहीचे पेपर चालू होते, नुसता निरोप पाठवला होता. दोन वर्षं मी तिच्या नावावर डबा मांडून बसले होते आणि तिच्या मनात माझ्या नावावर काय आहे, याचा विचारसुद्धा केला नव्हता. "चुकलं माझं," म्हणाले. आधी ती रडली, मग मी.

तरी त्यानंतरही मधूनच तो डबा आठवायचा आणि पुन्हा टोचायचा. प्रभूनं आपल्या शिष्याला, पेत्राला, सातांच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितलं. मला वाटतं, एकाच गोष्टीसाठीसुद्धा तेवढ्या वेळा सोडावं लागतं.

पत्रिकेचं काकूला मी विचारणार नाही. ते तूच तिच्यासमोर बसून विचार. २३ तारखेला ती करंज्या करायला आपल्याकडे येतेय. सारण माझं, लाटणं तिचं. तुझं कातण धुऊन ठेवलंय.

तुझी,
आई