वनमंत्री साहेब, वाघाच्या विष्ठेचाही रिपोर्ट काढा ना

मा. वनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार. मी नागपूरची, सक्करदऱ्याकडे राहते, २२ वर्षांपासून पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. म्हणजे लोकांचं रक्त, लघवी, संडास हेच माझं रोजचं. त्यामुळे पत्राचा विषय जरा घाण वाटला तर सांभाळून घ्या, आमच्याकडे डबा खाताना पण याच गप्पा असतात.

३१ डिसेंबर २०२४ ची उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातली गोष्ट तुमच्या कानावर असेलच. एक वाघीण, सोबत पाच बछडे, आणि दोन्हीकडून सफारीच्या जिप्स्यांनी रस्ता अडवलेला. व्हिडिओ सगळीकडे फिरला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या आठवड्यात आमच्या लॅबमध्ये, घरी, बर्डीवर, जिथे जावं तिथे एकच वाद चालू होता. कोणी म्हणे बिचारी किती घाबरली, कोणी म्हणे अरे तिला सवय आहे गाड्यांची, बघा ना कशी आरामात चालून राहिली. मी सगळ्यांचं ऐकत होते आणि मनात एकच येत होतं की बाप्पा, पुढच्या दोन-तीन दिवसांत तिची विष्ठा कोणी उचलली असती तर वाद करायची गरजच नव्हती, निदान अर्धा तरी मिटला असता.

कसं ते सांगते. प्राणी घाबरला, चिडला, उपाशी राहिला की मेंदूतून ऑर्डर सुटते आणि किडनीच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं हार्मोन सोडतात. आपलंही तसंच असतं. ते रक्तात फिरतं, मग लिव्हर त्याची मोडतोड करतं आणि ते तुकडे पित्तातून आतड्यात आणि तिथून विष्ठेत उतरतात. मांजरकुळात तर लघवीपेक्षा विष्ठेतूनच जास्त बाहेर पडतात. आता तुम्ही म्हणाल रक्तच घ्या ना सरळ. पण रक्त घ्यायचं तर वाघाला डार्ट मारून बेशुद्ध करावं लागणार, आणि कॉर्टिसॉल काही मिनिटांत चढतं, म्हणजे रिपोर्टमध्ये येणार तो आपल्याच धावपळीचा ताण. आमच्याकडे सुई बघून पांढरे पडणारे पेशंट असतात ना, तसंच. विष्ठेत मात्र मागच्या कित्येक तासांचा हिशोब एकत्र जमा होतो, आणि वाघाला पत्ताही लागत नाही की त्याची तपासणी झाली.

ही काही परदेशातली भारी कल्पना नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी संशोधन संस्थेची लॅकोन्स नावाची वन्यजीव लॅब हे काम करते. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातल्या कान्हा आणि बांधवगडमध्ये अभ्यास झाला, २०१९ ला छापून आला, त्यात पर्यटनाच्या सीझनमध्ये वाघांच्या विष्ठेतले ताणाचे हार्मोन बंद सीझनपेक्षा जास्त निघाले आणि गाड्या-पर्यटक वाढले तसे तेही वाढलेले दिसले. अमेरिकेत यलोस्टोनमध्ये बर्फावर चालणाऱ्या गाड्यांवरून असाच वाद होता, तिथे लांडग्यांची विष्ठा तपासली, ताण वाढलेला दिसला, पण त्यामुळे लांडग्यांची संख्या घटतेय असा पुरावा काही मिळाला नाही. हे मुद्दाम लिहिते कारण मी सफारी बंद करा म्हणणाऱ्यातली नाही. मी स्वतः जाते. गाइड-ड्रायव्हरांची घरं त्यावर चालतात.

मागच्या नोव्हेंबरमध्ये पेंचला गेलो होतो, सिल्लारी गेटने. सकाळचे सात-सव्वासात, थंडी मजबूत, आणि मधोमध रस्त्यावर ताजी विष्ठा. पिळलेली, एका टोकाला निमुळती, त्यात चितळाचे केस स्पष्ट दिसून राहिले होते, वरून दोन शेणकिडे कामाला पण लागले होते. गाइड म्हणाला, "मॅडम, आजचीच हाय, पहाटेची." मी फोटो काढायला वाकले तर मागचा जिप्सीवाला हॉर्न देऊन राहिला, पुढे वाघ बघून हरणं-माकडं ओरडतात ते कॉल चालू होते ना, सगळ्यांना तिकडे पळायचं होतं. आम्ही बाजूने काढली, त्याने सरळ वरून घातली. माझ्या डोळ्यासमोर अख्ख्या सॅम्पलचा पापड झाला.

आता प्रॅक्टिकल बोलू. सॅम्पल ताजंच लागतं, कारण बाहेर पडल्यावरही त्यातले जंतू हार्मोनचे तुकडे मोडत राहतात, त्यात आपला मे महिना म्हणजे काही बोलूच नका, आणि पाऊस पडला तर धुऊनच जातं. म्हणून लगेच बर्फात आणि तिथून डीप फ्रीझरमध्ये. मग वाळवून पावडर करायची, अल्कोहोलमध्ये घोळून हार्मोन बाहेर काढायचे आणि एलायझासारखी टेस्ट लावायची. साहेब, एलायझा रीडर म्हणजे आम्ही डेंग्यूला वापरतो तेच मशीन हो. अडचण मशीनची नाहीच. अडचण अशी की मांजरकुळात मूळ कॉर्टिसॉल विष्ठेत जवळपास उरतच नाही, नुसते तुकडे असतात, त्यामुळे माणसाचं किट आणून लावलं की झालं असं होत नाही. ते तुकडे पकडणारी टेस्ट लागते आणि ती वाघावर चालते हे आधी सिद्ध करावं लागतं. त्यासाठी पिंजऱ्यातले वाघ लागतात, ज्यांना कधी हलवलं, कधी इंजेक्शन दिलं हे रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे, म्हणजे त्यानंतरच्या विष्ठेत आकडा चढतो का ते बघता येतं.

आणि हे सगळं कुठे आहे? नागपुरात! गोरेवाड्याच्या झूमध्ये प्राणी आहेत, वन्यजीव संशोधन केंद्र आहे, सेमिनरी हिल्सला जखमी प्राण्यांवर उपचार करणारं ट्रान्झिट सेंटर आहे, व्हेटर्नरी कॉलेज आहे, वनभवन इथेच, आणि पेंच, बोर, उमरेड सगळं सकाळी निघून दुपारपर्यंत परत येण्यासारखं. इतकं जवळजवळ दुसऱ्या कुठल्या शहरात आहे सांगा.

एका सॅम्पलवरून काही कळत नाही हेही खरं. आकडा चढलेला म्हणजे गाड्यांमुळेच असं नसतं, वाघीण गाभण असेल, दोन नरांची मारामारी झाली असेल. विष्ठा बिबट्याची की वाघाची, आणि कोणत्या वाघाची, हे डीएनएवरून बघावं लागतं. म्हणूनच वर्षभर, त्याच त्याच वाघांची, एकाच पद्धतीने साठवलेली सॅम्पल्स हवीत, नाहीतर आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. २०२३ ला ब्रह्मपुरीकडच्या वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या तशा पुढेही सोडाल, तेव्हा नवीन जागेत जीव रमला की नाही हे गळ्यातल्या रेडिओ कॉलरवरून अर्धंच कळतं. राजस्थानातल्या सरिस्काचं बघा, २००८ ला वाघ आणले आणि पहिली पिल्लं दिसायला २०१२ उजाडलं, आणि तिथल्या वाघांची विष्ठा तपासली तेव्हा त्यांच्या ताणाशी माणसांच्या वर्दळीचा संबंध निघाला. ताडोबा मंगळवारी बंद असतं, वाघाला ती सुट्टी पोचते का हेही मला एकदा बघायचंय, पण ते जाऊ द्या, ती माझी हौस.

मागणी छोटीच आहे. प्रत्येक रेंज ऑफिसला एक डीप फ्रीझर, बीटवरच्या वनरक्षकाकडे डबी, हातमोजे आणि बर्फाचा डबा, आणि गोरेवाड्यात कायमची दोन-तीन माणसं असलेली हार्मोनची लॅब. वनरक्षक तसेही रोज पायी फिरतात, स्कॅट म्हणजे विष्ठा दिसली की मोबाईलवर नोंद करतात, उचलायचीच तेवढी बाकी आहे. पण त्यांच्यावर अजून एक काम फुकटात टाकू नका, भत्ता द्या, आधीच त्यांचे हाल काही कमी नाहीत.

डिसेंबरमध्ये अधिवेशनाला नागपुरात आलात की अर्धा तास द्या. आणि सॅम्पल कसं उचलायचं, लेबल कसं लावायचं हे शिकवायला मी रविवारी फुकट येईन. नाव, तारीख, वेळ नसलेली डबी आमच्याकडे परत जाते, पेशंट कितीही मोठा असो.

आपली,
सक्करदऱ्याची एक लॅब टेक्निशियन