गायनॅक घेतोस, तर

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "आई, एमबीबीएसनंतर पुढं गायनॅकच घेतोय," आणि मी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला. मला आवडलं नाही असं तुला वाटलं असेल. तसं नाही रे. डोळे भरून आले आणि पुढे बोलवेना. सकाळी मामा येऊन गेले. एवढा चांगला रँक आहे तर स्किन घ्यावं, रात्रीची झोप तरी मिळेल, आणि पुरुषाला कशाला हवीत ती बाळंतपणं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना मी चहा दिला. उत्तर तुला देते.

अडलेली बाई मध्यरात्री जीपमधून येते, तेव्हा डॉक्टर पुरुष आहे की बाई, हे कोणी बघत नाही. एरवी मात्र तिला लाज वाटते आणि ती वाटणारच. पडदा ओढल्याशिवाय, सिस्टरला शेजारी उभं केल्याशिवाय आणि "तपासू का?" असं विचारून ती हो म्हणाल्याशिवाय हात लावू नकोस. घाई कितीही असली तरी.

तुझ्या जन्माची एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. तू झालास, रडलास, वार पडली, सगळं नीट झालं म्हणून मला खाटेवर आणून टाकलं. थोड्या वेळानं खालचं कापड भिजल्यासारखं वाटलं. मी सांगितलं. "पहिलटकरणींना असंच वाटतं," असं उत्तर मिळालं. पुन्हा सांगितलं, तर "तू स्वतः नर्स ना, मग एवढी काय घाबरतेस?" म्हणाले. शेवटी लादी पुसायला आलेल्या मावशीनं चादर उचलली आणि ती ओरडतच धावली. गर्भाशयाची पिशवी आकसलीच नव्हती. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. मावशीनं चादर उचलली नसती, तर हे पत्र लिहायला मी नसते.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात बाई दोन तासांतही जाऊ शकते, हे तू पुस्तकात वाचलंयस. बाळ बाहेर आलं की मिनिटाभरात ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन द्यायचं, हे आम्हा उपकेंद्रातल्या एएनएमना, म्हणजे बाळंतपणं करणाऱ्या नर्सनासुद्धा, पाठ असतं. मी इतकी वर्षं ते देत आले. पण इंजेक्शन देऊन पाठ फिरवायची नसते. पोटावर हात ठेवून पिशवी घट्ट झाली का ते बघायचं, कापड बघायचं आणि बाई काय सांगते ते ऐकायचं. ती सांगते, बाळा. बहुतेक वेळा मशीनच्या आधी तीच सांगते.

आता बीडचं. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या बायका तू लहानपणापासून बघतोयस. एक दिवस कामाला गेलं नाही की खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात, आणि उचल, म्हणजे कामाचे आगाऊ पैसे, तर आधीच घेतलेली. पाळीत कोयता चालवायचा, आंघोळीला आडोसा नाही, कपडा धुवायला पाणी नाही. अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं. मग कोणीतरी म्हणतं, पिशवी काढून टाक, कॅन्सर होईल. तिशीच्या आतल्या बायकांनी पिशव्या काढल्या. २०१९ साली हे पेपरांत आलं, सरकारनं चौकशी समिती नेमली. मी मात्र त्या बायकांना घरोघरी बघत होते. अंडाशयही गेलेल्या बाईची हाडं ऐन उमेदीत दुखतात, अंगातून वाफा निघतात. आणि यातल्या कितीतरी जणींचं दुखणं गोळ्यांनी बरं होण्यासारखं होतं.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या बायका तपासल्या होत्या. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८. बाकीच्यांना कोणी विचारलंच नव्हतं. म्हणून सांगते, सिझेरियन तू शिकशील, टाकेही सुबक घालशील. पण बाई "अंगावरून जातं" म्हणाली की पेन खाली ठेव आणि किती दिवस, रंग कसा, वास येतो का, नवऱ्यालाही औषध लागेल का, हे सगळं विचार. ओपीडीत दीडशे जणी रांगेत असतील, हे मला कळतं. तरीही विचार.

तीन वर्षं रेसिडेन्सीत झोप मिळणार नाही. मिळेल तेव्हा जेवून घे. चिडचिड होईल, ती टेबलावरच्या बाईवर काढू नकोस. कळा येताना ती ओरडली तर ओरडू दे.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. त्याआधी दोन दिवस काढून ये. वरच्या वस्तीवरची एक जण पिशवी काढायचं ठरवून बसली आहे, वय अठ्ठावीस. सोनोग्राफीचा कागद तिनं माझ्याकडे आणून ठेवलाय. तू अजून तज्ज्ञ झालेला नाहीस, हे तिला स्पष्ट सांगितलंय. ती म्हणाली, चालेल, नुसतं बोलायचंय.

तुझी,
आई